पांढरा पाळणा

आमचा आकाशपाळणा पांढरा का, हे मला आजवर किती जणांनी विचारलं असेल, याची मोजदाद मी कधीच सोडून दिली आहे. जत्रेतले बाकीचे पाळणे लाल, पिवळे, जांभळे असतात. त्यांच्यावर मोर असतात, विमानं असतात. आमचा मात्र वरपासून खालपर्यंत पांढराफटक, सरकारी दवाखान्यातल्या खाटेसारखा. लोक विचारतात आणि मी सांगते, "आमच्यात तशी रीत आहे." तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं. माझं होत नव्हतं, पण रोज तोच प्रश्न आला की माणूस खोलात जायचं सोडून देतो.

मी केतकी. वय बारा. माझी शाळा पडद्यावर भरते आणि मी ती ट्रकच्या केबिनमध्ये बसून शिकते, कारण एका हंगामात आम्ही बारा जत्रा करतो. ट्रक आता विजेवर चालतात, पाळणा उभा करायला दोन यांत्रिक हात आहेत, पण नटबोल्ट आवळायचे, डोल्या धुवायच्या, भाकरी थापायची, हे सगळं अजून माणसांकडेच आहे. बाराव्या जत्रेपर्यंत आमच्या घरात कुणी कुणाशी पूर्ण वाक्य बोलत नाही. "मीठ." "सरक." "झोप." एवढ्यावर भागतं.

ही गोष्ट त्या बाराव्या जत्रेची. ही जत्रा आमच्या स्वतःच्या गावची, शेरेवाडीची. त्यामुळे तिच्यासाठी दोन रिती पाळायच्या. पहिली म्हणजे आदल्या दिवशी अख्ख्या पाळण्याला पांढऱ्या रंगाचा ताजा हात द्यायचा. दुसरी रीत पहिल्या फेऱ्याची. पहिला फेरा घरच्यांचा. गावातलं कुणी बसायच्या आधी पाळणेवाल्याची पोरं बसतात आणि गाव खालून बघतं. आधी आपली पोरं वर पाठवायची, मग दुसऱ्यांची, असं माझे आजोबा नाना म्हणायचे. नाना गेले तेव्हा मी एक वर्षाची होते. तेव्हापासून पाळणा आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आहे. आणि माझा धाकटा भाऊ गुंड्या पाच वर्षांचा झाल्यापासून तो सात नंबरच्या डोलीतच बसतो. दुसऱ्या डोलीत बसवलं की रडतो.

आता अंकुशकाकाबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. बाजारात नवीन यंत्र आलं की त्याला रात्री झोप लागत नाही. हवेतून पाणी ओढणारी बाटली त्याने आणली. आमच्या भागातली हवा इतकी कोरडी की दिवसभरात कपभर पाणी जमलं, आणि ते काकानेच पिऊन टाकलं. शेळीचं बोलणं समजावून सांगणारा चष्मा आणला. शेळी काहीही म्हणाली तरी चष्मा सांगायचा, "भूक." डोक्यावर आपोआप उडत राहणारी छत्री तर तिसऱ्याच दिवशी उडाली ती परत आलीच नाही. दर वेळी काकाचे डोळे तसेच चमकतात आणि दर वेळी तो म्हणतो, "केतके, जग बदलतंय बघ!" मी म्हणते, "हं."

तर शेरेवाडीच्या जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी काका एक खोकं घेऊन आला. आत हातभर लांबीचं, खरचटलेलं, सहा पायांचं एक यंत्र होतं.

"पूल तपासणारा रोबो हाय हा," काका म्हणाला. "पायांत चुंबक हायेत, लोखंडावर कुठंबी चढतो. नाव ठेवलंय घोरपड. भंगारात निघालेली, मी सोडवून आणली. केतके, जग–"

"बदलतंय," मी म्हणाले. "माहीत आहे."

घोरपडीने एक हिरवा दिवा लावला. तिचा आवाज बाईचा होता, सावकाश आणि दमलेला.

"नमस्कार. माझी बॅटरी अठरा टक्के आहे," ती म्हणाली. "याच्या वर ती चढत नाही. जे काम असेल ते लवकर सांगा."

इतकं प्रामाणिक यंत्र काकाने पहिल्यांदाच आणलं होतं. मला ती तिथेच आवडली.

काकाने तिला पाळण्यावर सोडलं. ती टक टक करत चढली. प्रत्येक सांध्यापाशी थांबायची, पायाने टिचकी मारायची आणि ऐकायची. अर्ध्या तासाने ती सात नंबरच्या डोलीपाशी थांबली आणि तिथून हललीच नाही. मग सावकाश खाली आली.

"सातव्या डोलीची पिन मला नीट ऐकू आली नाही," ती म्हणाली. पिन म्हणजे लोखंडाचा जाड दांडा. चाकाच्या कडेला प्रत्येक डोली अशा एका पिनवर लोंबकळते.

"नीट ऐकू आली नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"मी लोखंडात ध्वनिलहरी (आवाजाच्या लाटा) सोडते. त्या इतक्या बारीक की माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत. लोखंड अखंड असेल, तर लाट पार दुसऱ्या टोकाला जाते आणि मग परत येते. मध्ये भेग असेल, तर ती भेगेवर आपटून लवकर परत येते. सातव्या पिनची लाट लवकर परत आली, असं मला वाटलं. पण या पाळण्यावर रंगाचे अकरा थर आहेत. रंगामुळे आवाज दबतो. शिवाय माझा एक कान बिघडलेला आहे. मला शंका आहे, खात्री नाही. तिथला रंग खरवडून बघा."

नेमके तेवढ्यात आप्पा आले. त्यांच्या दंडावर पांढऱ्या रंगाचे थेंब सुकले होते. आदला सगळा दिवस त्यांनी शिडीवर काढला होता.

"काय खरवडायचं?" ते म्हणाले. "कालच रंग दिलाय. संध्याकाळी पाच वाजता पहिला फेरा हाय. अंकुश, तुझं खेळणं उचल."

"दादा, खेळणं न्हाई रं ते! चार हजार पूल तपासल्यात तिनं!"

"आणि त्या बाटलीनं समुद्र आणला हुता," आप्पा म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यावर रागावण्याइतकंही बळ काकात नव्हतं. तो खोक्यावर बसून राहिला.

मी घोरपडीला सावलीत नेलं. खरं सांगायचं तर मलाही विश्वास बसत नव्हता. "लोखंड कसं काय मोडेल?" मी विचारलं. "डोलीत चार माणसं बसतात. पिनवर ट्रक टांगला तरी तुटणार नाही, असं आप्पा म्हणतात."

"ते बरोबर म्हणतात. एकदा टांगला तर नाही तुटणार. तुझ्याकडे तार आहे?"

बांधणीची तार आमच्याकडे ढीगभर पडलेली असते. मी वीतभर घेतली.

"ओढून तोड."

मी ओढली. काकाने ओढली. हाताला वळ उठले, तार तशीच.

"आता एकाच जागी वाकव. मग उलटी वाकव. मोजत जा."

एक, दोन, तीन. काहीच झालं नाही. दहाव्या वेळी ती जागा गरम लागली. सतराव्या वेळी तार मऊ पडल्यासारखी वाटली आणि एकविसाव्या वेळी टुक् करून तिचे दोन तुकडे झाले. मी जोर मुळीच वाढवला नव्हता.

"याला धातुथकवा म्हणतात (पुन्हा पुन्हा ताण पडल्यामुळे धातूत येणारा कमकुवतपणा)," घोरपड म्हणाली. "एका मोठ्या ओझ्याने जे मोडत नाही, ते लहान ओझ्याने हजारो वेळा हलवलं की मोडतं. धातूत कुठेतरी एक बारीक ओरखडा असतो. दर हेलकाव्याला तो तिथून किंचित, केसाच्या हजाराव्या भागाएवढा पुढे सरकतो. वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. मग उरलेला भाग ओझं पेलेनासा होतो आणि एका क्षणात तुटतो."

"पण पिन कुठे वाकते?"

"वाकते, पण डोळ्यांना दिसत नाही इतकी कमी. पिन चाकाला घट्ट बसवलेली आहे, म्हणून चाकाबरोबर ती स्वतःभोवतीही फिरते. डोलीचं वजन मात्र नेहमी जमिनीकडेच ओढतं. त्यामुळे पिनची जी बाजू वर असते ती ताणली जाते, खालची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की वरची बाजू खाली येते. आता ती दाबली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तू तारेला केलंस तेच. एकदा इकडे, एकदा तिकडे. ही पिन कधी बदलली होती?"

काका म्हणाला, "नानांच्या माघारी तर बदलली न्हाई. अकरा वर्सं झाली."

मग मी हिशेब केला. एका खेळात वीस फेरे. दिवसाला साठ खेळ, म्हणजे बाराशे फेरे. पाच दिवसांच्या जत्रेत सहा हजार. बारा जत्रांचे बहात्तर हजार. अकरा वर्षांचे सात लाख ब्याण्णव हजार. माझी तार एकवीस वेळांत तुटली होती. ती खूप जास्त वाकवली होती, हे मला कळत होतं, पण तरी मी तो आकडा पुन्हा एकदा मोजून बघितला.

"मग आज पाळण्याला विश्रांती देऊ या का?" मी विचारलं. "उद्या सुरू करू. सगळेच दमलेत."

घोरपडीने हिरवा दिवा मंद केला. बॅटरी वाचवत होती बहुतेक.

"तू झोपलीस की तुझा शीण जातो. शरीर आतून दुरुस्ती करतं. लोखंड तसं नाही, केतकी. त्याचा शीण साठत जातो. वर्षभर गोदामात ठेवलं तरी भेग तेवढीच राहते, आणि पाळणा पुन्हा फिरला की तिथूनच पुढे जाते. माझी बॅटरीही अशीच. भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तीही फेऱ्यांनीच म्हातारी झाली."

हे ऐकून मला तिची फार दया आली.

"तुझ्याशिवाय भेग बघता येते का?"

"येते. माझ्याहून कितीतरी जुनी पद्धत आहे. रंग काढा. पातळ तेल लावा. भेग कितीही बारीक असली तरी तेल आत शिरतं, कापडाची वात तेल ओढते ना, तसं. दहा मिनिटांनी वरचं तेल अगदी कोरडं पुसा. मग त्यावर पांढरी बारीक पूड लावा. भेगेत लपलेलं तेल पूड बाहेर ओढते आणि पांढऱ्यावर काळी रेघ..."

हिरवा दिवा विझला. अठरा टक्के संपले होते.

पाच वाजता ढोल वाजला. सगळं गाव पाळण्याभोवती गोल करून उभं राहिलं. आप्पांनी नारळ फोडला, चाकाला हळदकुंकू लावलं आणि सात नंबरची डोली खाली आणून तिचं दार उघडलं. गुंड्या उड्या मारत पुढे झाला. मी त्याचा हात धरला आणि जागची हलले नाही.

"बस की," आप्पा म्हणाले.

"मी बसणार नाही. गुंड्यालाही बसू देणार नाही."

ढोल थांबला. गुंड्याने भोकाड पसरलं. आईने चुलीपासून मान वर केली. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसता थकला. त्यांना त्या दिवशी एवढं थकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रडू आलं. बारा जत्रा ज्या माणसाने पाठीवर ओढल्या, त्याला मी गावासमोर खाली बघायला लावलं होतं.

"का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "तुझा बाप तुला मोडक्या पाळण्यात बसवंल व्हय?"

"नाही बसवणार. म्हणूनच म्हणते. फक्त बोटभर रंग खरवडा, आप्पा. काही नसलं तर मी दिवसभर त्याच डोलीत बसते."

लोक कुजबुजायला लागले. आप्पांनी एकदा गावाकडे बघितलं, एकदा गुंड्याकडे, आणि कमरेची पटाशी काढली.

पिन चाकाला जिथे मिळते त्या कोपऱ्यातला रंग निघायला वेळ लागला. पापुद्र्यावर पापुद्रा सुटत होता. काकाने जुन्या जनरेटरच्या टाकीतलं काळपट डिझेल चिंधीवर घेऊन लावलं. आम्ही दहा मिनिटं थांबलो. अख्खं गाव थांबलं. मग मी ते लख्ख कोरडं पुसलं. दुकानांच्या जागा आखायला आणलेली पांढरी फक्की शेजारीच पडली होती. मूठभर घेऊन मी पिनवर भुरभुरली.

पिन पांढरी दिसायला लागली. काहीच नव्हतं. माझे कान तापले.

मग हळूहळू पांढऱ्यावर एक करडा ठिपका आला. तो लांबला. बघता बघता केसासारखी बारीक काळी रेघ पिनच्या अर्ध्या अंगाला वळसा घालून गेली.

आप्पांनी रेघेला हात लावला नाही. ते रेघेसमोर उकिडवे बसले.

"नाना असंच करायचे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की फक्त मला आणि काकाला ऐकू आला. "जत्रंच्या आधी सगळा पाळणा रॉकेलनं पुसायचे. मग चुना द्यायचे. मग कंदील घेऊन एकेका सांध्यापाशी बसून ऱ्हायचे. मला वाटायचं, शोभंसाठी चुना देत्यात आणि देवाचं नाव घेत्यात. ते गेल्यावर पहिल्याच साली मी म्हणलं, चुना लोकांच्या कपड्याला लागतो, पावसात धुऊन जातो. त्यापेक्षा ऑइलपेंट द्यावा. नवीन चीज. चकाचक." त्यांनी पटाशी खाली ठेवली. "मी सुधारणा केली, पोरी."

कोडं सुटलं होतं. आमचा पाळणा पांढरा होता, कारण पांढऱ्यावर भेग दिसते. आणि अकरा वर्षं आम्ही ती रीत मनापासून पाळत होतो, भेग झाकून.

आप्पा उठले आणि गावाकडे वळले. "आज पाळणा फिरणार न्हाई," ते म्हणाले. "उद्या-परवाबी फिरंल का न्हाई, सांगता येत न्हाई. घरी जावा." एक म्हातारी पुढे आली, गुंड्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

पुढचे दोन दिवस आम्ही रंग खरवडत होतो. काका तालुक्याच्या लेथवाल्याकडून नव्या पिना करून आणायला गेला. आणखी दोन पिनांवर रेघा सापडल्या. तो परत आला तेव्हा पिनांबरोबर घोरपडीसाठी एक जुनी पण बरी बॅटरीही घेऊन आला.

"एकेचाळीस टक्के," ती जागी होऊन म्हणाली. तिच्या मानाने हा आनंदच होता. मी तिला रेघ दाखवली, नानांची गोष्ट सांगितली.

"तुझ्या आजोबांना ध्वनिलहरी माहीत नव्हत्या," ती म्हणाली. "पण त्यांना एक गोष्ट माहीत होती. लोखंड बोलत नाही, त्याला विचारावं लागतं. दर वर्षी."

"दादा," काका म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा तसेच चमकले, "शास्त्रज्ञ आता अशा धातूवर काम करत्यात, त्याची भेग आपोआप मिटती! अगदी बारीक तुकड्यात हुतंय म्हणं, डोळ्याला न दिसणाऱ्या. केतके, एक दिवस लोखंडबी झोपून उठंल आणि ताजंतवानं हुईल!"

"हे खरं आहे का?" मी घोरपडीला विचारलं.

"प्रयोगशाळेत सुरुवात झाली आहे. पाळण्यापर्यंत यायला वेळ लागेल. कदाचित तू ते करशील."

"तोवर फक्की," मी म्हणाले. पण या वेळी मी "हं" म्हणाले नाही, हे काकाच्या लक्षात आलं असावं.

नव्या पिना बसवून झाल्यावर सातव्या डोलीजवळच्या जाड पट्टीवरचा शेवटचा पापुद्रा मीच काढला. खाली लोखंडावर बारीक टिंबांची ओळ होती, पंचने म्हणजे खूण करायच्या टोकदार खिळ्याने ठोकलेली. प्रत्येक डोलीपाशी तशीच ओळ. मी मोजली, तेवीस.

घोरपड त्या पट्टीवरून चालत गेली. "या जागी जोर येत नाही," ती म्हणाली. "खूण करणाऱ्याने विचार करून जागा निवडली आहे."

"नानांच्या हातात पाळणा तेवीस सालं हुता. दर साली तपासून एक टिंब," आप्पा म्हणाले. बराच वेळ ते त्या टिंबांवर अंगठा ठेवून उभे होते. मग त्यांनी हातोडी आणि पंच माझ्या हातात दिला.

"तू तपासलंस. तूच ठोक."

मी तेविसाव्या टिंबाला लागून पंच टेकवला.

"तिथं न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी माझा हात धरून पुढे सरकवला. "मधी अकरा टिंबांची जागा सोड. ती माझी. मोकळीच ऱ्हाऊ दे."

मी जागा सोडली आणि ठोकलं. मग मी आणि गुंड्या सातव्या डोलीत बसलो, आणि आप्पांनी स्वतः पाळणा फिरवला.